वाचकांचे प्रश्न : घरच्या घरी कोरलेले आवाज

गेल्या अंकात या सदरात चावीच्या ग्रामोफोनची देखभाल कशी करावी, याविषयी लिहिले होते. त्यानंतर आलेली बरीच पत्रे मात्र ग्रामोफोनविषयी नाहीत. जुन्या तबकड्यांच्या ढिगात सापडलेल्या, कोणत्याही कंपनीचे नाव नसलेल्या, कोणीतरी घरी किंवा ओळखीच्या दुकानात ध्वनिमुद्रित करून घेतलेल्या चकत्यांविषयी आहेत. पेठांमधले वाडे उतरवले जात असताना माळ्यावरच्या ट्रंका खाली येत आहेत, त्याचा हा परिणाम असावा. म्हणून या वेळचे सदर या एकाच विषयाला दिले आहे. पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आमचा वाडा पुनर्बांधणीसाठी रिकामा करताना आजोबांच्या ट्रंकेत नाट्यसंगीताच्या चाळीसएक तबकड्या मिळाल्या. त्यांच्या तळाशी चार वेगळ्याच चकत्या आहेत. त्यांवर छापील लेबल नाही. पांढऱ्या कागदावर शाईने ‘नाना, दिवाळी १९४६’ असे लिहिले आहे. नाना म्हणजे माझे आजोबा. मी त्यांना पाहिलेले नाही. घरातला चावीचा ग्रामोफोन चालू स्थितीत आहे. त्यावर या चकत्या लावाव्यात का? घरातल्या सर्वांना आज रात्रीच ऐकायच्या आहेत.
(एक वाचिका, सदाशिव पेठ)

उत्तर : आज रात्री लावू नका, आणि चावीच्या ग्रामोफोनवर तर कधीच लावू नका. उत्तर इतके कडक का, हे नीट सांगायला हवे.

आपल्या चाळीस तबकड्या आणि या चार चकत्या दिसायला सारख्या असल्या, तरी त्यांची जात निराळी आहे. बाजारात विकली जाणारी, मिनिटाला ७८ फेऱ्यांची तबकडी लाखेची असे. मूळ ध्वनिमुद्रणावरून धातूचा साचा तयार करून त्याच्या कितीतरी प्रती दाबून काढल्या जात, आणि त्या लाखेत दगडाची बारीक पूड मिसळलेली असे. या पुडीमुळे तबकडी टणक होई आणि पोलादी सुईचे टोक पहिल्या काही फेऱ्यांतच घासून खाचेच्या मापाचे होई. दर बाजूला नवी सुई लावण्याचा जो दंडक आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असेल, त्याचे कारण हेच. झीज सुईने सोसायची, अशी तिथली योजना होती.

घरगुती चकतीत ही योजनाच नाही. १९३४च्या सुमारास प्रचारात आलेली ही चकती म्हणजे ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर चढवलेला सेल्युलोज नायट्रेटच्या लॅकरचा थर. कोरणाऱ्या यंत्राची सुई त्या मऊ थरात थेट खाच पाडत जाई, आणि त्यातून निघणारा केसासारखा काळा धागा कोणीतरी शेजारी उभे राहून ब्रशने बाजूला करत असे. मध्ये साचा नाही, कारखाना नाही. कोरून झाले की लगेच ऐकता येई. सोय मोठी होती, पण प्रत एकच, आणि तीही मऊ. बोलण्यात या चकतीला ‘ॲसिटेट’ म्हणतात. ते नाव चुकीचे असले तरी रूढ झाले आहे. अशा थरावर शंभर ग्रॅमहून अधिक भाराचा साउंडबॉक्स (ग्रामोफोनच्या भुजेच्या टोकाचा, सुई धरणारा गोल डबा) आणि पोलादी सुई ठेवली, की झीज सुई सोसत नाही, आपले नाना सोसतात.

हे शहाणपण मला पुस्तकातून आलेले नाही. तीसएक वर्षांपूर्वी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून एका रविवारी तबकड्यांचा गठ्ठा उचलला, त्यात अशी एक चकती होती. चावी दिली, सुई ठेवली, आणि एका बाईंच्या आवाजातला पाळणा अगदी स्पष्ट ऐकू आला. मागे कुठेतरी भांडे पडल्याचाही आवाज होता. मी हरखून शेजाऱ्यांना बोलावले आणि पुन्हा लावली. मग आणखी कोणी आले, म्हणून तिसऱ्यांदा लावली. तिसऱ्या वेळी पाळण्याच्या जागी कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज उरला होता, आणि सुईच्या टोकाशी राखाडी भुग्याची एक बारीक गोळी जमली होती. तो भुगा म्हणजेच तो पाळणा होता. त्या बाई कोण, हे मला आजही माहीत नाही.

तेव्हा आधी आपल्या चकत्या नुसत्या पाहा. कडेने पकडा आणि खिडकीच्या उजेडात काठ निरखा. काठावर किंवा मधल्या भोकाच्या कडेला चंदेरी धातू चमकला, तर पत्र्याची चकती आहे. मधल्या भोकाशेजारी एक ते तीन लहान भोके असतील, कधी ती कागदी लेबलाखाली दबलेली असतील आणि बोट फिरवल्यावरच जाणवतील. कोरताना चकती घसरू नये म्हणून यंत्राची खुंटी त्यांत बसवत. बाजारातल्या लाखेच्या तबकडीला अशी भोके नसतात. धातू दिसला नाही आणि मधल्या भोकाची कड उजेडात हिरवट पारदर्शक दिसली, तर मात्र श्वास रोखूनच ती खाली ठेवा. दुसऱ्या महायुद्धात ॲल्युमिनियम विमानांकडे वळले, तेव्हा हाच लॅकरचा थर काचेवर देत असत. आपल्या चकत्या १९४६च्या असल्याने ही शक्यता आहेच. सर्वांत स्वस्त चकत्या पुठ्ठ्याच्या असत. त्यांचा काठ वहीच्या पुठ्ठ्यासारखा थराथरांचा दिसतो.

पृष्ठभागावर पांढरी, मेणचट पूड दिसली तर ती बुरशी समजून पुसू नका. लॅकर लवचीक राहावा म्हणून त्यात एरंडेल घालत. वर्षानुवर्षे दमट हवेत ते विघटित होते आणि त्यातली आम्ले पांढऱ्या पुडीच्या रूपाने वर येतात. एरंडेल गेले की थर आक्रसतो. खालचा पत्रा किंवा काच काही आक्रसत नाही. मग उन्हाळ्यात तळ्याच्या गाळाला पडाव्यात तशा भेगा पडून थर सुटू लागतो. भेगा दिसल्या तर ती चकती कोणत्याही घरगुती यंत्रावर लावू नका, आणि पुसूही नका.

भेगा नसतील, तर विजेवर चालणारे, ७८ फेऱ्यांची सोय असलेले आणि हलक्या भुजेचे टर्नटेबल मिळवा. त्याच्या कार्ट्रिजला, म्हणजे भुजेच्या टोकाच्या सुई बसवायच्या भागाला, एलपीची (मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या तबकडीची) नव्हे, तर ७८ची सुई हवी. एलपीच्या सुईचे टोक इंचाच्या हजाराव्या भागाएवढे किंवा त्याहून बारीक असते. ते या रुंद खाचेच्या तळाशी जाऊन खडखडत राहते आणि तिथला कचराच ऐकवते. इथे त्याच्या अडीच ते तीन पट जाड टोक लागते, म्हणजे ते खाचेच्या दोन्ही भिंतींवर टेकून चालते. भार तीन ते पाच ग्रॅम पुरे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सुई पहिल्यांदा टेकवण्यापूर्वी संगणकावर ध्वनिमुद्रण सुरू झालेले असले पाहिजे. ‘आधी एकदा ऐकून बघू, मग रेकॉर्ड करू’ असे म्हणू नका. पहिले वाजवणे सर्वांत चांगले असते. घरातल्या सर्वांना जे ऐकवायचे, ते त्या डिजिटल प्रतीवरून ऐकवा, हवे तर रात्रभर.

प्रश्न : आमची एक पेटी १९६१च्या पानशेतच्या पुरात बुडाली होती. आजीने ती वाळवून तशीच ठेवली. आतल्या तबकड्यांवर अजून चिखलाची पुटे आहेत. ओळखीच्या एकाने स्पिरिटने लखलखीत होतील असे सांगितले. त्यात दोन चकत्या घरगुती वाटतात. त्यांतली एक पुठ्ठ्याची आहे. काय करावे?
(एक वाचक, नारायण पेठ)

उत्तर : स्पिरिटची बाटली आधी दुसऱ्या खोलीत ठेवा. फर्निचरला पॉलिश करणारे कारागीर लाखेचे दाणे कशात विरघळवतात, हे आठवले म्हणजे पुरे: स्पिरिटमध्येच. लाखेच्या तबकडीवर स्पिरिट चोळणे म्हणजे तिचे फ्रेंच पॉलिश करणे. चकाकी येईल, गाणे जाईल. लॅकरच्या चकतीलाही स्पिरिट तितकेच घातक आहे.

१२ जुलै १९६१च्या त्या पाण्यातला गाळ नदीचा आहे, म्हणजे त्यात बारीक वाळू आहे. तो खाचेत असताना सुई ठेवलीत, तर प्रत्येक कण कानस होतो. लाखेच्या तबकड्यांवरचा कोरडा गाळ प्रथम मऊ ब्रशने, खाचेच्या दिशेने गोलाकार, झटकून काढा. आडवा ब्रश फिरवू नका. मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य द्रव साबणाचा एखादा थेंब टाकून, लेबल कोरडे राखून, मऊ कापडाने भाग भिजवत पुसा आणि शेवटी नुसत्या पाण्याने साबण काढा. नळाचे पाणी वापरू नका, कारण त्यातले क्षार वाळून खाचेत बसतात. पुसलेली तबकडी भांड्यांच्या जाळीत उभी ठेवून सावलीत वाळवा. एप्रिलमधल्या गच्चीवर ठेवलीत, तर संध्याकाळी तिची परात झालेली असेल.

पुठ्ठ्याच्या चकतीला पाणी लावू नका. तो पुठ्ठा एकदा फुगून वाळलेला आहे. पुन्हा फुगला की वरचा थर सुटलाच म्हणून समजा. कोरड्या ब्रशने निघेल तेवढा गाळ काढा आणि थांबा. ती वाकली असेल तर वर वजन ठेवून सरळ करण्याचा मोह टाळा. मला विचाराल तर या पेटीतली पहिली तबकडी स्वच्छ करायला घ्यावी ती चाळीस जणांकडे असेल अशी, सर्वांत सामान्य. हात बसला की पुढच्या घ्याव्यात, आणि घरगुती चकत्या सर्वांत शेवटी.

प्रश्न : मामांच्या घरी पेटीवर गायलेल्या एका पदाची चकती मिळाली. आपण सांगता तशी सुई व टर्नटेबल मित्राकडे आहे. पण दोन अडचणी आल्या. बाहेरच्या काठाशी सुई ठेवली की ती घसरून चकतीबाहेर येते. आणि जो थोडा भाग ऐकू आला, त्यात मामांचा आवाज लहान मुलासारखा वाटतो. चकती बिघडली आहे का?
(एक वाचक, कोथरूड)

उत्तर : बिघडलेली नाही, आपण ती उलट्या टोकाने वाचत आहात. घरगुती चकत्या पुष्कळदा आतून बाहेर कोरत. कोरताना निघणारा धागा मध्याकडे गोळा होतो. बाहेरून आत येताना तो सुईच्या वाटेत येई, पण आतून सुरुवात केली की तो आधीच कोरलेल्या भागावर पडून राही आणि पुढची जागा मोकळी असे. सुई लेबलाजवळच्या पहिल्या खाचेत अलगद ठेवा, ती आपली आपण बाहेर येईल. शेवटच्या खाचेपाशी मात्र हात तयार ठेवा, कारण या चकत्यांना सुई थांबवणारी शेवटची बंद खाच बहुधा नसते, आणि सुई काठावरून खाली पडली तर टोक मोडते.

वेगाचे प्रकरण अधिक रंजक आहे. आधी आपले टर्नटेबल खरे ७८ फिरते का, ते पाहा. वर्तुळावर समान अंतराने ७७ काळ्या रेषा आखलेला कागद चकतीच्या जागी ठेवा आणि चोकच्या जुन्या ट्यूबलाइटखाली फिरवा. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची असल्याने अशी ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. वेग बरोबर असेल तर रेषा जागच्या जागी थबकल्यासारख्या दिसतात, कमी-जास्त असेल तर मागेपुढे सरकू लागतात. हल्लीच्या एलईडी दिव्याखाली हा खेळ बहुधा दिसत नाही, म्हणून स्वयंपाकघरातली जुनी ट्यूब अजून टाकली नसेल तर ती कामाला येईल.

टर्नटेबल बरोबर असूनही आवाज चढा येत असेल, तर कोरणारे यंत्र हळू फिरत होते. कोरणारी सुई थर कापत असल्याने मोटरवर ओढ येते. घरगुती यंत्रांच्या अशक्त मोटरी त्या ओढीने मंदावत. मंद कोरलेले आता पूर्ण वेगाने वाजवले की सगळेच स्वर चढतात. साधारण सहा टक्के फरक म्हणजे एक पट्टी: पांढरी एकची काळी एक होते. आपल्याकडे पेटी आहे, हे भाग्य समजा. मामा कोणत्या पट्टीत गात, हे घरात कोणाला तरी आठवत असेल. ध्वनिमुद्रणातला षड्ज आजच्या पेटीवर लावून पाहा आणि फरक किती पट्ट्यांचा आहे, ते ठरवा. जुन्या पेट्या आजच्या मापाने तंतोतंत लावलेल्या नसत, त्यामुळे हा अंदाजच राहील. फरक एकदोन पट्ट्यांपेक्षा फारच मोठा निघाला, तर चकती मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची असण्याची शक्यता तपासा. वेगाची ही सर्व दुरुस्ती डिजिटल प्रतीवर संगणकात करावी, चकती पुन्हापुन्हा वाजवून नव्हे. शेवटचा निवाडा यंत्रावर सोडू नका. मामांच्या धाकट्या बहिणीला डोळे मिटून ऐकायला सांगा. ‘हा दादाच’ असे त्या ज्या वेगाला म्हणतील, तो वेग कायम करा.

प्रश्न : आमच्या घरात पणजोबांनी १९१२ साली ग्रामोफोनवर स्वतःचा आवाज भरल्याची आख्यायिका आहे. तबकडी काळी, जड आहे. ती त्यांचीच असेल का?
(एक वाचक, औंध)

उत्तर : त्या काळच्या तबकडीच्या ग्रामोफोनवर घरी आवाज भरता येत नसे, फक्त ऐकता येई. एडिसनने १८७७ साली शोधलेल्या फोनोग्राफच्या वंशातली मेणाच्या नळकांड्याची यंत्रे मात्र दोन्ही कामे करत. नको झालेला आवाज तासून काढून त्याच नळकांड्यावर नवा भरता येई. घरी चकती कोरण्याची साधने सर्वसाधारण ग्राहकाच्या हाती १९३०च्या आसपास आली. त्यांतल्या सर्वांत आरंभीच्या चकत्या तर उघड्या, करड्या ॲल्युमिनियमच्या आहेत, ज्यांना पोलादी सुई चालत नसे आणि बांबूची किंवा निवडुंगाच्या काट्याची सुई लागे. तेव्हा ही जड काळी तबकडी बाजारातलीच असावी. आख्यायिका अगदीच निराधार मानण्याचे कारण नाही. आवळ्याच्या बरणीएवढा पुठ्ठ्याचा गोल डबा आणि आत पोकळ मेणाचे नळकांडे घरात कुठे आहे का, ते पाहा. मिळाले तर बोटे आत घालून आतूनच उचला, बाहेरच्या अंगाला हात लावू नका.

प्रश्न : आईच्या लग्नातल्या मंगलाष्टकांची काचेची चकती होती, ती दोन तुकड्यांत मोडली आहे. आता आशा सोडावी का? आणि साबूत चकत्यांची प्रत करून देणाऱ्या दुकानदाराला नेमके काय सांगावे?
(एक वाचिका, हडपसर)

उत्तर : तुकडे टाकू नका, आणि चिकटवूही नका. गोंद खाचेत गेला की मग खरोखरच आशा सोडावी लागेल. प्रत्येक तुकडा वेगळ्या, गुळगुळीत कागदात गुंडाळून आडवा ठेवा; सुटलेला लॅकरचा कपचाही लहान पाकिटात जपा. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत कार्ल हेबर आणि सहकाऱ्यांनी ‘आयरीन’ नावाची पद्धत विकसित केली आहे, तिच्यात सुई नसतेच. खाचेची अतिसूक्ष्म छायाचित्रे घेतात आणि सुई तिथून गेली असती तर कशी थरथरली असती, याचे गणित करून आवाज तयार करतात. मोडक्या चकत्यांचे तुकडे त्यात शेजारी मांडून वाचता येतात. ही सोय कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारी नाही आणि स्वस्तही नाही. पण तुकडे उरले असतील तरच तिचा विचार करता येईल.

दुकानदाराला तीन गोष्टी सांगा. प्रत एमपीथ्रीमध्ये नको, डब्ल्यूएव्हीमध्ये, २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झला हवी. मूळ प्रतीतली खरखर काढू नये; हवी तर दुसरी, साफ केलेली प्रत वेगळी द्यावी, कारण खरखर काढताना ‘स’, ‘श’, ‘च’ ही व्यंजने आणि टाळीची धार सोबत जाते, आणि आजच्यापेक्षा चांगले तंत्र उद्या आले तर कच्ची प्रतच कामाला येते. आणि आजच्या प्रिॲम्प्लिफायरमध्ये (सुईकडून येणारा क्षीण आवाज वाढवणाऱ्या यंत्रात) बसवलेली, खालच्या-वरच्या स्वरांचा समतोल साधणारी सुधारणा १९५४पासून प्रमाण झालेल्या एलपीच्या मापाची असते, ती जुन्या चकतीला लागू पडत नाही. ती न लावता सपाट ध्वनिमुद्रण करता आले तर करावे. दुकानदाराने तिसऱ्या मुद्द्यावर प्रतिप्रश्न विचारला तर त्याला काम द्या. ‘सगळे मशीन करते’ असे म्हणाला तर चकती परत पिशवीत ठेवा.

प्रश्न : चकत्या ठेवाव्यात कशा, आणि त्यांवर काय लिहावे?
(अनेक वाचक)

उत्तर : उभ्या ठेवाव्यात, रांगेत, तिरप्या नव्हे, आम्लरहित कागदाच्या पाकिटात, माळ्यावर नाही, कारण मे महिन्यात माळा तापतो आणि पावसाळ्यात भिंत ओल धरते. लॅकरच्या चकत्या देवघराजवळ ठेवू नयेत; सेल्युलोज नायट्रेट पटकन पेट घेते, निरांजनाची एक ठिणगी पुरते.

चकतीवर काहीच लिहू नका. पाकिटावर, चकती आत घालण्यापूर्वी, शिसपेन्सिलीने लिहा: कोणाचा आवाज, कोणाच्या घरी, साधारण कोणते साल, मागे कोण बोलते आहे, आणि हे आपल्याला कोणी सांगितले. शेवटची बाब लोक हमखास विसरतात. जुना मजकूर चुकीचा वाटला तरी खोडू नका. खाली तारीख घालून आपला मजकूर लिहा. सदाशिव पेठेतल्या वाचिकेने मूळ पत्रात सहज लिहिले आहे की, नानांना पाहिलेल्या एक आत्या चिंचवडला असतात आणि त्यांना हल्ली कमी ऐकू येते. प्रत तयार झाली की ती सर्वांत आधी त्यांच्याकडे घेऊन जा, चांगले हेडफोन सोबत न्या, आणि त्या ऐकताना काय बोलतात, तेही ध्वनिमुद्रित करा.